शेंगीला घर हवंय, आणि स्टुडिओची जागा बदलतेय

दोन बातम्या आहेत आणि त्या एकमेकींत अडकलेल्या आहेत. फेब्रुवारी संपता संपता आपला स्क्रॅपबुक स्टुडिओ जळगावातल्याच नव्या जागेत जातोय. दुसरा मजला, पूर्वेला मोठ्या खिडक्या, कापकामाला सलग दहा फुटी टेबल, स्कॅनरला वेगळा कोपरा. फक्त अंगण नाही, आणि अंगण नाही म्हणजे आमच्या शेंगी कुत्रीला जागा नाही. रात्रभर कुलूपबंद खोलीत कुत्री एकटी ठेवणं याला सांभाळणं म्हणत नाहीत. म्हणून होळीच्या आत तिला चांगलं घर हवंय. धुळवडीचा गोंगाट आणि मागोमाग येणारं ऊन, दोन्ही नव्या जागी, अनोळखी माणसांत काढणं कुठल्याही कुत्र्याला जड जातं.

शेंगी गावठी आहे. दातांवरून वय अंदाजे तीन वर्षं, वजन १७ किलो. रंग शेंगेच्या टरफलासारखा, छातीवर पांढरा पट्टा, शेपूट वर वळलेली. कानाच्या टोकाला खाच आहे. बघणारे हळहळतात, पण ती जखम नाही, नसबंदी झाल्याची खूण आहे. रेबीजची आणि बाकीच्या रोगांची एकत्रित लस दरवर्षी होते, जंताचं औषध दर तीन महिन्यांनी. मुलांमध्ये छान रमते, पण ती जेवत असताना भांड्याला हात लावलेला तिला चालत नाही. हे लपवण्यासारखं नाही, उलट सगळ्यात आधी सांगण्यासारखं आहे. मांजर दिसलं की मागे धावते, त्यामुळे मांजरं किंवा कोंबड्या असलेल्या घरी ती देणार नाही. फटाक्यांना घाबरते. कागद कापण्याचा, पंच दाबण्याचा आवाज मात्र तिला अंगाईसारखा झालाय, टेबलाखाली खुशाल झोपते.

घर कसं हवं

बंगलाच हवा असं नाही. दोन खोल्यांचा फ्लॅटही चालेल, दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास फिरवणारं माणूस हवं. घर भाड्याचं असेल तर मालकाला आधी विचारा आणि त्याचा होकार लेखी घ्या. मालकाचा नकार हे कुत्री परत येण्याचं फार मोठं कारण असतं. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, हे भारतीय पशु कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे. तरीही शेजाऱ्यांशी दोन शब्द आधीच बोललेले बरे. घरातल्या प्रत्येकाची तयारी हवी, विशेषतः दिवसभर घरी असणाऱ्या माणसाची. मुलांनी हट्ट केला म्हणून आणलेल्या कुत्र्याचं सगळं शेवटी आजीच्या नाहीतर आईच्या गळ्यात पडतं. म्हणून भेटायला येताना त्यांना सोबत आणाच.

विचारणा सगळ्यात जास्त येते ती शेतावरच्या राखणीसाठी. इथे आमचं म्हणणं ठाम आहे: साखळीला बांधून ठेवायला शेंगी मिळणार नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये अवाजवी आखूड किंवा जड साखळीला तासन्‌तास बांधणं, बांधलेल्या कुत्र्याला न फिरवणं आणि उपाशी मरेल अशा अवस्थेत सोडून देणं, हे सगळं गुन्ह्यात मोडतं. कायदा बाजूला ठेवला तरी आपल्याकडची दोन कारणं आहेतच. सातपुड्याच्या पायथ्याला, यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यात, बिबट्याचा वावर असतो. रात्री बाहेर बांधलेल्या कुत्र्याला पळायलाही जागा नसते. दुसरं म्हणजे कपाशीची फवारणी. पंप धुतलेलं पाणी जिथे साचतं तिथेच तहानलेलं कुत्रं तोंड घालतं. उंदरांसाठी ठेवलेलं विषही त्याला खाऊच वाटतं. मळ्यातलं घर असेल, माणसं तिथेच राहत असतील आणि रात्री शेंगी घरात झोपणार असेल, तर मात्र आनंदाने बोलू.

कुत्र्यासोबत जाणारी वही

आता स्टुडिओ आणि शेंगी जिथे एकत्र येतात ती गोष्ट. घर बदलल्यावर कुत्रं बिथरतं ते बहुतेक वेळा माया कमी पडते म्हणून नव्हे. रोजचा क्रम अचानक तुटतो म्हणून. जेवण किती वाजता, कोणत्या शब्दाला ते बसतं, कशाला घाबरतं, हे तोंडी सांगितलं की घरातल्या एकालाच आठवतं. भाकरीचा तुकडा टाकणारी आजी, फिरायला नेणारा नातू आणि दवाखान्यात नेणारे काका, तिघांना एकच उत्तर मिळायचं तर ते कागदावर हवं, आणि तो कागद घरात टिकला पाहिजे. शेंगीसाठी आम्ही अशी वही बनवतोय. कुत्रं, मांजर, गाय, कुणालाही दुसऱ्या घरी देणार असाल तर तुम्हीही बनवा. रीत सविस्तर सांगतो.

२५० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) ए-४ कार्डस्टॉक, म्हणजे जाड कागद, घ्या, पाच ताव. अर्धे कापले की ए-५ ची दहा पानं होतात, १४८ बाय २१० मिमी. इथेच पहिली चूक होते. कागदात तंतूंची एक दिशा असते, कारागीर तिला ग्रेन म्हणतात. ताव दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहा. ज्या बाजूला समांतर तो सहज वाकतो ती त्याची दिशा. बाजारातल्या ए-४ कार्डस्टॉकमध्ये ती बहुधा लांब बाजूला असते. मग तो अर्धा कापल्यावर तंतू पानाच्या आखूड, १४८ मिमीच्या बाजूला समांतर येतात. बांधणी नेहमी तंतूंना समांतर करायची, म्हणून ही वही आडवी ठेवा आणि रिंग आखूड बाजूला लावा. उलटं केलंत तर पानं बांधणीशी ताठ राहतात, उलटताना उसळतात आणि गोंद लागला की लाटा पडतात. मग दोष गोंदाला दिला जातो.

मुखपृष्ठाला २ मिमी जाडीचा राखाडी पुठ्ठा, १५४ बाय २१६ मिमीचे दोन तुकडे. वरून जुन्या सुती साडीचं कापड छान बसतं. कापड पुठ्ठ्याबाहेर चहूबाजूंनी २० मिमी ठेवा. कोपरे तिरके कापताना पुठ्ठ्याच्या टोकापासून ३ मिमी अंतर सोडा. टोकाला लागून कापलं तर कोपऱ्यातून राखाडी पुठ्ठा डोकावतो, जास्त सोडलं तर तिथे गाठ होते. पांढरा गोंद कापडाला लावू नका, आरपार येऊन डाग पडतात. तो पुठ्ठ्याला लावायचा, रुंद ब्रशने, पातळ आणि सगळीकडे सारखा. आतल्या बाजूलाही अस्तराचा कागद चिकटवायलाच हवा. एकाच बाजूला गोंद वाळला की पुठ्ठा त्या बाजूला ओढला जातो आणि पापडासारखा वळतो. अस्तर लावलं की दोन्ही बाजूंची ओढ सारखी होते. मग कोऱ्या कागदात गुंडाळून जड पुस्तकांखाली रात्रभर.

बांधणीला दीड इंची, म्हणजे ३८ मिमीच्या, उघडझाप होणाऱ्या दोन रिंग. स्पायरल नको. या वहीत नवीन घराला पानं वाढवायची असतात आणि स्पायरल एकदा दाबली की पुन्हा उघडत नाही. पानांना भोकं बाजूपासून १२ मिमी आत, वरून आणि खालून ३५ मिमीवर. पुठ्ठा सगळीकडून ३ मिमी मोठा असल्यामुळे त्याची भोकं बाजूपासून १५ मिमी आणि वर-खालून ३८ मिमीवर येतात. पुठ्ठ्याच्या पट्टीवर दोन्ही मापांचा साचा आधी बनवा आणि प्रत्येक पानाला तोच लावून भोक पाडा. पानाला पान ठेवून मापत गेलात तर दहाव्या पानापर्यंत भोक दोन-तीन मिमी सरकलेलं असतं.

फोटो लावले की वहीचं तोंड उघडं राहतं. बाहेरची बाजू फुगते, बांधणीची बाजू बारीक राहते. यावर इलाज सोपा आहे. त्याच कार्डस्टॉकच्या २० मिमी रुंद पट्ट्या कापून प्रत्येक पानाच्या बांधणीकडच्या कडेला चिकटवा आणि भोकं नंतर पाडा. पान भोकाशी दुप्पट जाड होतं, त्यामुळे तिथे फाटतही नाही.

चिकटवण्याचा विचार आपल्या उन्हाळ्याला धरूनच करायला हवा. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, पत्र्याच्या घरात आणि बंद गाडीत त्याहून कितीतरी वर. ग्लू गनचा गोंद उष्णतेने वितळवून लावतात, म्हणून उष्णतेनेच तो मऊही पडतो. उन्हात उभ्या गाडीत वही राहिली की मणी आणि बटणं ओघळतात. स्वस्त डबल टेपचा गोंद आधी पाझरतो, मग पिवळा पडून कोरडा होतो आणि एक दिवस फोटो गळून पडतो. फोटोला ॲसिड-फ्री, ॲक्रिलिक गोंदाची टेप किंवा कागदी कोपरे वापरा. कोपरे उत्तम, कारण फोटो कधीही काढता येतो. पाण्याचं प्रमाण जास्त असलेला पांढरा गोंद फोटोच्या पाठीला नको, फोटो वळतो. लिहायला पिगमेंट शाईचं पेन. ही वही कुत्र्याच्या घरात राहणार, तिला ओलं नाक आणि लाळ लागणारच. बऱ्याच जेल पेनची अक्षरं त्यात पसरतात, पिगमेंट शाई वाळल्यावर पसरत नाही.

आणि सजावट बेताने. मणी, टाचण्या, रिबिनी या वहीवर लावूच नका. कुत्र्याने रिबीन किंवा दोरा गिळला तर एक टोक अडकतं आणि आतडं त्यावर चुणीसारखं गोळा होत जातं, ऑपरेशनशिवाय सुटका नसते. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, तसाच डॉक्टरांकडे न्यायचा. स्टुडिओतला फुगणारा, फोमसारखा लाकडी कामाचा गोंदही असाच घातक आहे. पोटात गेल्यावर तो फुगून दगडासारखा होतो.

आत काय लिहायचं? पहिल्या पानावर दोन फोटो: एक चेहऱ्याचा, एक पूर्ण उभा बाजूने. कुत्री हरवलीच तर दुसराच कामाला येतो. फोटो सकाळच्या उजेडात, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर गुडघे टेकून काढा. वरून काढलेल्या फोटोत डोकं मोठं आणि अंग लहान दिसतं, खरा आकार कळत नाही. चार बाय सहा इंची छपाईला १२०० बाय १८०० पिक्सेल पुरतात. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो दाबून लहान झालेला असतो, मूळ फाईल मागून घ्या.

दुसऱ्या पानावर लसीच्या कार्डासाठी कप्पा. कार्ड चिकटवायचं नाही, डॉक्टर दरवेळी त्यावर लिहितात. कार्डस्टॉकच्या तुकड्याला तीन बाजूंनी १० मिमी गोंद लावला की कप्पा तयार. औषधाच्या पावत्या बहुतेक थर्मल कागदावर असतात, उन्हाने काळ्या पडतात किंवा साफ कोऱ्या होतात. त्यांची झेरॉक्स लावा.

जेवणाचं पान नीट भरा. शेंगीचं असं आहे: सकाळी आठ आणि संध्याकाळी सात, दोन वेळा मिळून साधारण २५० ग्रॅम शिजलेली कोंबडी (हाडं काढून), २५० ग्रॅम भात, १०० ग्रॅम उकडलेला लाल भोपळा, एक उकडलेलं अंडं, चमचाभर तेल. मीठ-तिखट काही नाही. अशा घरच्या जेवणात कॅल्शियम कमी पडतं, ते किती द्यायचं हे डॉक्टरांनी वजन पाहून लिहून दिलेलं वहीत आहे. तयार खाद्य द्यायचं तर १७ किलोच्या नसबंदी झालेल्या कुत्रीला दिवसाला २५० ग्रॅमच्या आसपास लागतं, पाकिटावरचा तक्ता पाहून कमी-जास्त करा. बदल एकदम नको. दोन दिवस पाव भाग नवीन, दोन दिवस अर्धा, दोन दिवस पाऊण, सातव्या दिवशी पूर्ण. घाई केली की जुलाब लागतात आणि सगळे म्हणतात तिला घर मानवलं नाही. पाणी दिवसाला लिटरभर, उन्हाळ्यात त्याहून जास्त.

खान्देशी घरासाठी याच पानावर लाल शाईत एक ओळ: भरीत नाही, शेवभाजी नाही. तिखट तर आहेच, पण खरा धोका कांदा, कांद्याची पात आणि लसणाचा. कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्यांनी फुटतात. मनुका, द्राक्षं आणि चॉकलेटही वर्ज्य. साधी ज्वारी-बाजरीची भाकरी किंवा केळ्याचे दोन-तीन काप चालतात. ताप आला म्हणून आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन द्यायची नाही.

शब्दांचं पान लोक विसरतात, आणि तेच सगळ्यात उपयोगी पडतं. शेंगीला 'बस', 'थांब', 'ये' आणि 'चल घरी' कळतं. घरात अहिराणी बोलत असाल तर 'आठे ये' म्हणा, त्यातला 'ये' तिच्या ओळखीचा आहे. हिंदी-इंग्रजी शब्द लगेच सुरू केलेत तर ती ऐकत नाही असं वाटेल, पण तिला तो आवाज म्हणजे आज्ञा हेच माहीत नसतं.

शेवटी पंजाचा ठसा. यासाठी शिक्क्याची शाई वापरू नका, ती निघत नाही आणि कुत्रं पंजा चाटतं. मुलांच्या सुरक्षित, पाण्याने धुता येणाऱ्या पोस्टर रंगात थोडं पाणी घालून तो स्पंजवर पसरवा. हळद-कुंकवाचा मोह होईल, पण हळदीचा रंग उजेडात उडतो. पंजा आधी ओल्या कपड्याने पुसून कोरडा करा. बोटांमधले केस लांब असतील तर ठसा गिजबिजतो, डॉक्टरांकडून ते थोडे कापून घ्या. कागद खाली फळीवर ठेवा. कुत्री उभी हवी. बसलेल्या कुत्रीचा पंजा उचलून टेकवला की फक्त पुढची बोटं उमटतात. एकाने खाऊ दाखवायचा, दुसऱ्याने पंजा सरळ खाली दाबून सरळ वर उचलायचा. साफ ठसा साधारण तिसऱ्या-चौथ्या वेळी येतो, तेव्हा आधी सुटे कागद घ्या आणि चांगला निघेल तो वहीत लावा. रंग लगेच, वाळायच्या आत धुवा.

पहिले पंधरा दिवस

वहीसोबत शेंगीची गोधडी जाईल, न धुता. कृपा करून तुम्हीही महिनाभर धुवू नका. त्या वासावर तिची झोप अवलंबून आहे.

नेताना तीन-चार तास आधीपासून पोट रिकामं ठेवा, गाडी लागत नाही. धुळ्यापर्यंतचा प्रवास गाडीने सहज होतो, मध्ये एकदा पाणी. रेल्वेने न्यायचं असेल तर लक्षात घ्या: एसी टू, एसी थ्री आणि स्लीपरमध्ये कुत्रं चालत नाही. फर्स्ट एसीचं पूर्ण कूपे घ्यावं लागतं, नाहीतर गार्डच्या डब्यातला पिंजरा. उन्हाळ्यात त्या पिंजऱ्यात घालून कुत्रं पाठवायला आमची तयारी नाही.

पळून जाण्याचा धोका पहिल्या तीन दिवसांत सर्वांत जास्त असतो. गाडीचं दार उघडायच्या आधी पट्टा हातात हवा. गळ्यातला पट्टा आणि छातीचा हार्नेस, दोन्ही एकाच वेळी घाला. घाबरलेलं कुत्रं मागे सरकून गळ्यातला पट्टा डोक्यावरून काढतं. पट्टा आणि मान यांत दोन बोटं जातील इतकाच सैल. मोबाईल नंबरचा बिल्ला तुमच्या घरी पोचल्यावर घालू नका, इथून निघतानाच घातलेला हवा. कुंपण असलं तरी पंधरा दिवस अंगणातही दोरीशिवाय सोडायचं नाही. सुटलीच तर मागे धावू नका. शेवटची दिसली तिथे गोधडी आणि जेवण ठेवून लांब बसा, आणि जुन्या जागेच्या रस्त्यावर एक माणूस पाठवा.

कुत्र्याच्या रुळण्याचा एक ठोकताळा आहे: तीन दिवस भेदरलेलं, तीन आठवड्यांत क्रम कळलेला, तीन महिन्यांत घर आपलं वाटलेलं. पहिल्या तीन दिवसांत ती जेवली नाही, कोपऱ्यातून हलली नाही, चुकून घरात शू झाली, तरी रागावू नका. त्या दिवसांत पाहुणे बोलावून दाखवण्याचा कार्यक्रमही नको. पाणी पीत नसेल, किंवा दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नसेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

भांड्याजवळची गुरगुर: भांडं हिसकावून 'सवय लावायची' पद्धत चुकीची आहे, त्याने ती वाढते. जेवताना लांबून जाता जाता भांड्यात एखादा चांगला तुकडा टाकत जा. माणूस जवळ आला की मिळतं, जात नाही, हे तिला काही आठवड्यांत कळतं. तोवर मुलांना त्या वेळी तिच्यापासून लांब ठेवा. कधी दात लागलाच तर लस झालेली असली तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. हळद, चुना, मिरची जखमेत भरू नका.

गोचिडांवर रॉकेल, डिझेल किंवा जळकं ऑइल चोळायची पद्धत अजून गावोगाव दिसते. त्याने कातडी भाजते आणि चाटल्यावर ते पोटात जातं. गुरांचं औषध अंदाजाने पाणी घालून लावणंही तसंच. कुत्र्यांसाठी वजनानुसार गोळी किंवा मानेवर टाकायचे थेंब मिळतात. आठवड्यातून एकदा कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यात पाहा. ताप, अन्न सोडणं, हिरड्या पांढऱ्या पडणं, नाकातून रक्त, यातलं काही दिसलं तर गोचीड-तापाची रक्ततपासणी त्याच दिवशी करून घ्या, उद्यावर ढकलू नका.

आणि ऊन. मार्चपासून फिरणं सकाळी सातच्या आत आणि सूर्य मावळल्यावर. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेवून पाहा. तुम्हाला सोसलं नाही तर तिच्या पंजालाही सोसणार नाही.

स्टुडिओत काय बदलतंय

मार्च ते जून स्टुडिओ सकाळी सात ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ उघडा राहील. दुपारी बंद. उकाड्यात हाताचा घाम फोटोवर उतरतो आणि ठसे पुन्हा निघत नाहीत. शनिवारी संध्याकाळी कुत्र्या-मांजरांच्या वहीचा वर्ग असेल, वर सांगितली तीच वही, दोन बैठकांत. पहिल्या शनिवारी पुठ्ठे, दुसऱ्या शनिवारी पानं, कारण मधे वाळायला वेळ लागतो.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी जुने अल्बम घेऊन येतात, त्यासाठी रविवार सकाळ राखून ठेवलीय. हे बहुतेक अल्बम चिकट पानांचे, वर प्लास्टिकचा पडदा असलेले असतात. तो गोंद कालांतराने पिवळा पडतो आणि फोटो धरून बसतो. घरी सोडवणार असाल तर आधी फोटो पानावर असतानाच स्कॅन करा, ६०० डीपीआयवर. मग दातांचा फ्लॉस कोपऱ्यातून फोटोखाली घाला आणि करवतीसारखा हळू मागेपुढे करत न्या. फोटो वाकवायचा नाही, पान वाकवायचं. जोर लागतोय असं वाटलं की थांबा. स्कॅन हातात आहे, फोटो तसाच राहू द्या.

सोडवलेले फोटो पीव्हीसीच्या कव्हरात घालू नका. नव्या प्लास्टिकचा तो उग्र वास येतो ना, तेच कव्हर फोटोला चिकटतं. पॉलिप्रॉपिलीनचं घ्या. आणि अल्बम माळ्यावर नको, स्लॅबखालची ती घरातली सर्वांत तापणारी जागा. कूलरच्या खोलीतही नको. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर हवा कोरडी असते, पण कूलरच्या खोलीत ती दमट होते. चकचकीत फोटोंचा थर ओलाव्याने फुगतो आणि ते एकमेकांना किंवा फ्रेमच्या काचेला चिकटतात. काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, काचेसकट स्कॅन करा. आतल्या खोलीतलं कपाट, मधला कप्पा, सोबत सिलिकाच्या पुड्या. डांबरगोळ्या प्लास्टिकजवळ नकोत. कडुनिंबाचा पाला ठेवायचा तर सावलीत पूर्ण वाळवून, कापडी पुरचुंडीत, फोटोला न लागेल असा.

केळीच्या खोडाच्या धाग्याचा कागद पुष्कळ जण मागतात. दिसायला सुंदर आहे, मुखपृष्ठाला वापरा. फोटोखाली मात्र पीएच पेनने (कागदातलं आम्ल दाखवणारं पेन) तपासल्याशिवाय नको.

शेंगीला भेटायला येताना

जुन्या जागेत, फेब्रुवारी अखेरपर्यंत, संध्याकाळी पाच ते सात या. दुपारी ती झोपलेली असते आणि झोपमोड झालेल्या कुत्र्यावरून स्वभाव ओळखता येत नाही. अत्तर, उग्र सेंट नको. आल्या आल्या डोक्यावर हात नेऊ नका, बाजूला बसा, तिला वास घेऊ द्या. किमान दोन भेटी, त्यातली दुसरी तुमच्या घरी. आम्ही तिला घेऊन येऊ आणि फाटक, गच्ची, जिन्याचे कठडे पाहू. त्यानंतर पंधरा दिवस तुमच्याकडे राहील. जमलं तर साध्या कागदावर करार: साखळीला बांधून ठेवणार नाही, लस चुकवणार नाही, परस्पर तिसऱ्याला देणार नाही, आणि कधीही सांभाळणं अशक्य झालं तर आम्हालाच परत द्याल. पैसे घेणार नाही. नाही जमलं तरी परत आणा, कारण विचारू ते फक्त वहीत लिहायला, म्हणजे पुढच्या घराला आधीच कळेल.

येताना ओळखपत्राची एक झेरॉक्स आणि घरातलं ते माणूस, जे तिला रोज सकाळी आठला जेवायला देणार आहे.